मंडईतले खेळ शाळेच्या पटांगणात: मापं, सामान आणि मांडणी

दिवाळी झाली की भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागते. अमरावती जिल्ह्यात बहिरमची यात्रा डिसेंबरच्या शेवटी सुरू होते ती जानेवारीभर चालते, आणि महाशिवरात्रीला गडचिरोलीतल्या मार्कंड्याला, गोंदियातल्या प्रतापगडला गर्दी उसळते. ठिकाण कोणतंही असो, आकाशपाळण्याच्या बाजूला तेच खेळ असतात: कडं फेकणं, डबे पाडणं, छर्ऱ्याच्या बंदुकीनं फुगे फोडणं, टोपलीत चेंडू टाकणं, पाण्याच्या बादलीत नाणं सोडणं. पोट्ट्यांच्या मुठीतले पैसे इथंच संपतात.

हेच खेळ जिल्हा परिषदेच्या शाळेत आनंद मेळाव्याला मांडायचे असतील तर सामान गावातच मिळतं. घोटाळा होतो तो मापात. जत्रेतलं माप जसंच्या तसं उचललं तर पहिलीतलं लेकरू पाच वेळा हरून रडत बाजूला होतं. फार सोपं केलं तर सातवीची पोरं अर्ध्या तासात बक्षिसांचं खोकं रिकामं करतात. म्हणून आधी एक आकडा ठरवा: तीन फेकीत साधारण एक जिंकली पाहिजे. खालची सगळी मापं या आकड्याकडे जाणारी आहेत.

कडं फेकणं

जत्रेत चौकोनी ठोकळ्यावर साबण, घड्याळ किंवा नोट ठेवलेली असते. कडं ठोकळ्याभोवती पूर्ण खाली बसलं तर वस्तू तुमची. पाहणारा ठोकळ्याची बाजू बघतो, पण अडवतो तो कर्ण. १० सेंमी बाजूच्या ठोकळ्याचा कर्ण १४.१ सेंमी भरतो. कड्याचा आतला व्यास १४.५ सेंमी असेल तर ते बसतं खरं, पण अगदी सपाट उतरलं तरच. हवेत १२-१३ अंशांहून जास्त कललं की एक कोपरा अडकतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातून इतकं सपाट कडं सहसा सुटत नाही. दुकानदार स्वतः दाखवतो तेव्हा तो वरून, जवळून, जवळपास ठेवल्यासारखं टाकतो.

शाळेसाठी ठोकळे नकोत, गोल बाटल्या घ्या. पाण्याच्या एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या, व्यास साधारण ८ सेंमी, निम्म्यापर्यंत वाळू भरून घट्ट झाकण लावलेल्या. नऊ पुरतात, तीन-तीनच्या तीन ओळी. दोन बाटल्यांच्या मध्यांत ३० सेंमी अंतर हवं. त्याहून जवळ ठेवल्या तर कडं दोन बाटल्यांच्या तोंडांवर पूल होऊन बसतं, आणि मग ‘लागलं की नाही’ यावर भांडण होतं.

कडी बाजारातून आणायची गरज नाही. कपाशीच्या किंवा संत्र्याच्या वावरातून काढलेली जुनी १६ मिमीची ठिबकची नळी बहुतेक गावांत कुठं ना कुठं गुंडाळून पडलेली असते. आतला व्यास १८ सेंमी हवा असेल तर नळीचा ६२ सेंमीचा तुकडा कापा. हिशेब सोपा आहे: १८ मध्ये नळीची जाडी १.६ मिळवा आणि ३.१४ नं गुणा. रिकामी नळी इतकी वाकवली की मुडपते आणि तिथं कायमचा चपटा कोन पडतो. म्हणून आधी एका टोकाला कापसाचा बोळा कोंबा, चाळलेली कोरडी वाळू भरा, जमिनीवर आपटून ती बसवा, दुसऱ्या टोकालाही बोळा घाला आणि मग हळूहळू वाकवून ठिबकच्याच जॉइनरनं दोन्ही टोकं जोडा. जॉइनर घट्ट जात नसेल तर नळीचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा. वाळूमुळं कड्याला वजनही येतं, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. हलकं कडं बाटलीच्या तोंडावर आपटून उडतं, वाऱ्यानं भरकटतं. ड्रिपरची छिद्रं असलेला तुकडा टाळा. नाहीतर दर फेकीला वाळू गळते आणि दुपारपर्यंत कडं रिकामं होतं. ज्या तुकड्यावर छिद्र आलंच, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली तरी भागतं.

एका खेळाडूला तीन कडी. दोन संच ठेवा, म्हणजे एकाची गोळा करेपर्यंत दुसरा खोळंबत नाही.

मुलांना फेकायचं कसं तेही सांगा, कारण बहुतेक जण कडं उभं धरून चेंडूसारखं फेकतात. ताट सरकवावं तसं ते आडवं धरायचं, कोपर अंगाजवळ, आणि सोडताना मनगटाला हलका झटका. फिरणारं कडं कलत नाही. समोरच्या ओळीवर नेम धरण्यापेक्षा मधल्या ओळीवर धरलेला बरा. थोडं कमी-जास्त झालं तरी मागची-पुढची बाटली हाती लागते.

डबे पाडणं

सहा डबे, खाली तीन, मध्ये दोन, वर एक. जत्रेत यात दोन गोष्टी पाहण्यासारख्या असतात. खालच्या ओळीतला एखादा डबा आतून जड केलेला असू शकतो. वरचे पाच धाडकन पडतात, तो मात्र हलत नाही, आणि ‘सहाही पडले पाहिजेत’ हा नियम तेव्हा आठवण करून दिला जातो. दाखवताना तोच डबा वर रचला की सगळे सहज कोसळतात. दुसरी गोष्ट, खालचा एक डबा बाकीच्यांच्या बोटभर पुढं ठेवलेला असतो. चेंडूचा जोर आधी त्याच्यावर खर्च होतो आणि बाकीच्यांना नुसता धक्का पोचतो.

शाळेत सगळे डबे एका मापाचे, रिकामे आणि एका रेषेत. दूधपावडरचे किंवा तुपाचे एक किलोचे डबे चांगले. कापलेल्या काठावरून बोट फिरवू नका, कापड फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं काठ धारदार आहे. तो हातोडीनं आत ठोकून वर चिकटपट्टी लावा. गंजलेला डबा घेऊच नका.

चेंडूवर इथं बरंच अवलंबून आहे. टेनिसचा चेंडू ५७-५८ ग्रॅमचा. तो हलका, डब्यांना धक्का कमी देतो आणि लागून उलट उडतो. चिंध्यांचा चेंडू या कामाला उत्तम: जुनं सुती कापड घट्ट गुंडाळून वर सुतळी आवळलेला, ७ सेंमी व्यासाचा, १२० ते १५० ग्रॅम. तो डब्यावर ‘बसतो’, उसळत नाही, आणि कुणाच्या कपाळाला लागला तरी सहसा टेंगूळ येत नाही. दवात किंवा ओल्या गवतात पडला की त्याचं वजन वाढतं, तेव्हा सहा-सात करून ठेवा आणि भिजलेला बदला.

टेबल ६०-७० सेंमी उंच असावं. वर्गातला बाक चालतो. वर पोतं अंथरू नका, त्यावर डबे नीट उभे राहत नाहीत. पोतं अंथरायचं ते मागं जमिनीवर, पडणाऱ्या डब्यांसाठी, म्हणजे ते चेपत नाहीत. त्याच्याही मागं दोन बांबूंना बांधलेली जुनी साडी किंवा ताडपत्री, दोन मीटर उंच. खालून थोडी सैल सोडा. ताणून बांधलेल्या ताडपत्रीवरून चेंडू परत उडतो.

पहिली-दुसरीला सहा डबे देऊ नका. तीनच रचा, खाली दोन, वर एक, आणि खालच्या दोघांच्या मधल्या फटीवर मारायला सांगा. मोठ्यांनी मधल्या तळच्या डब्यावर नेम धरावा. वरच्या डब्यावर मारणारा हमखास हरतो, आणि बहुतेक मुलं वरच्यावरच मारतात, कारण तोच डोळ्यांसमोर असतो.

चौकटीत सोंगटी

हा खेळ फसवा दिसतो, म्हणून मुलांना गणित शिकवायलाही कामाचा. आखलेल्या चौकटींवर नाणं टाकायचं. कुठल्याही रेषेला न शिवता चौकटीत पडलं तर जिंकलं. चौकट नाण्यापेक्षा बरीच मोठी दिसते, मग हरतो कसं?

नाण्याचा मध्य कुठं पडतो ते पाहा. रेषेला शिवायचं नसेल तर मध्य प्रत्येक रेषेपासून नाण्याच्या त्रिज्येइतका तरी आत हवा. म्हणजे चौकटीच्या आत उरलेल्या एका लहान चौकोनातच तो पडला पाहिजे, आणि त्या चौकोनाची बाजू असते चौकटीची बाजू वजा नाण्याचा व्यास. कॅरमची सोंगटी साधारण ३१ मिमीची. ५० मिमीच्या चौकटीत लहान चौकोन उरतो १९ मिमीचा. १९ भागिले ५०, त्याचा वर्ग, ०.१४. सात फेकीत एक. चौकट ७५ मिमी केली की ४४ भागिले ७५, त्याचा वर्ग ०.३४, म्हणजे आपल्याला हवी तशी तीनात एक. बाजू फक्त दीडपट झाली, जिंकणं जवळपास अडीचपट झालं.

तेव्हा टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, ६० × ६० सेंमी, आणि त्यावर ७५ मिमीच्या आठ × आठ चौकटी आखा. रेघ बारीक पेनानं. जाड मार्करची ५ मिमीची रेघ मारली तर आतली जागा आणखी कमी होते आणि तीनातला एक जवळपास चारात एकावर घसरतो. प्लायवूडवर सोंगटी उसळते, गुळगुळीत फरशीवर घसरत बाहेर जाते. पन्हाळी पुठ्ठा उसळी गिळतो. पुठ्ठ्याभोवती बांबूच्या कमच्यांची बोटभर उंच चौकट बांधा. तरीही बाहेर गेली तर फेक मोजायची नाही, पुन्हा टाकायची. वरचं गणित पुठ्ठ्यावर पडलेल्या सोंगटीचं आहे.

रेषेला शिवली की नाही याचा निकाल उभ्यानं देऊ नका. खाली वाकून, बरोबर वरून पाहा. तिरकं पाहिलं तर फट असूनही रेघ झाकलेली दिसते.

खरं नाणं इथं वापरू नका, आणि जिंकल्यावर पैसे तर मुळीच देऊ नका. महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, १८८७ मध्ये निव्वळ कौशल्याचे खेळ वगळलेले आहेत. पैसे लावायचे आणि नशिबानं दुप्पट घ्यायचे हा प्रकार त्या सवलतीत बसत नाही. आकड्यांची चक्री फिरवून पैसे वाटणारा खेळ मंडईत कुठं दिसला तरी शाळेत आणायचा नाही.

टोपलीत चेंडू

टोपली मागच्या फळीवर आपल्याकडे तोंड करून तिरकी टांगलेली असते. बांबूच्या विणीचा तळ ताणलेला आणि उसळता, त्यामुळं आत गेलेला चेंडू परत बाहेर येतो. दुकानदार दाखवतो तेव्हा टोपलीत एक चेंडू आधीच पडलेला असतो. तो दुसऱ्या चेंडूचा धक्का झेलतो आणि दुसरा आत राहतो. तुमच्या पाळीला तो पहिला चेंडू काढून घेतला जातो.

उपाय तळात आहे. टोपल्यात दोन बोटं जाडीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरा, वर पोत्याचा तुकडा. पूर्वेकडच्या झाडीपट्टीत कुटाराऐवजी तणस (भाताचा पेंढा) चालेल, पण कापून. लांब तणसावर चेंडू तरंगल्यासारखा राहतो आणि पुढच्याच्या धक्क्यानं बाहेर पडतो. टोपलं जमिनीवर सरळ ठेवा, तोंड ३५-४० सेंमी रुंद. चेंडू खालून, उंच उडवून टाकायला सांगा. सरळ रेषेत मारलेला चेंडू काठावर आपटण्यापलीकडे काही करत नाही.

पाण्यातली वाटी

पाण्यात सपाट सोडलेलं नाणं पानासारखं डोलत बाजूला जातं. पाणी जितकं खोल तितकं जास्त. बादलीत ३०-४० सेंमी पाणी आणि तळाशी लहान वाटी असेल तर बरोबर वर धरून सोडलेलं नाणंही चुकतं. शाळेत पसरट घमेलं किंवा टब, पाणी १५ सेंमी, वाटी १२ सेंमी तोंडाची, आणि नाण्याऐवजी हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वॉशर. वॉशर उभा धरून, खालची कड पाण्याला टेकवून सोडला तर बऱ्यापैकी सरळ जातो. दर तासाला पाणी बदला. पोरांच्या हातांनी ते गढूळ झालं की वाटीच दिसत नाही. अंगणवाडीची लहान भावंडं या स्टॉलवर एकटी नकोत. पाणी वीतभर असलं तरी मोठं माणूस शेजारी बसलेलं हवं.

अंगणवाडी आणि पहिलीसाठी गळ टाकणं

पुठ्ठ्याचे मासे, तोंडाशी जाड तारेची दोन इंची कडी, तुराटीची (तुरीच्या वाळक्या झाडाची) ६०-७० सेंमीची काठी, तेवढीच सुतळी आणि टोकाला तारेचाच बोथट आकडा. मासे कोरड्या टोपल्यात ठेवा. लोहचुंबक लावायचा मोह होतो, तो आवरा. बटणाएवढे दोन चुंबक लेकरानं गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून इजा करतात. इथं प्रत्येक मासा जिंकणारा. चार-पाच वर्षांच्या मुलाला हरवून कुणाचं काही भलं होत नाही.

बंदूक आणि फुगे

शाळेत नको. छर्रा पत्र्यावर लागून मागं येतो, आणि डोळा गेला तर परत येत नाही. टोकदार बाणही नकोत. फुगेच फोडायचे असतील तर खुर्चीवर ठेवून बसून फोडायची शर्यत लावा. फुगा पूर्ण फुगवलेला हवा. अर्धवट फुगवलेल्याचं रबर जाड आणि सैल राहतं, तो दबतो पण फुटत नाही. जत्रेतल्या फळीवर सुरकुतलेले फुगे दिसतात त्याचं कारणही हेच. फुटलेले तुकडे लगेच उचला. रांगणाऱ्या बाळाच्या घशात ते बसू शकतात.

रेघ कुठं मारायची

कागदावरचं अंतर नुसती सुरुवात समजा: पहिली-दुसरी एक मीटर, तिसरी-चौथी दीड, पाचवी ते सातवी दोन ते अडीच. चुन्यानं तीन रेघा मारा आणि मेळाव्याच्या आदल्या दिवशी तपासा. प्रत्येक गटातली दहा मुलं, प्रत्येकी तीन फेकी, एकूण तीस. आठ ते बारा जिंकल्या तर रेघ बरोबर. आठहून कमी असतील तर रेघ वीतभर पुढं, बाराहून जास्त असतील तर वीतभर मागं, आणि पुन्हा तीस फेकी. तपासायला नेमबाज पोरं निवडू नका; हजेरीपटावरची सलग दहा नावं घ्या. शिक्षकांनी स्वतः फेकून अंतर ठरवणं तर अगदीच चुकीचं, मोठ्यांना सगळं जवळ वाटतं.

रेघेवर पाय कुणाचा किती पुढं गेला यावरून वाद होतात. चुन्याच्या रेघेवर बांबू आडवा टाकून दोन खुंट्यांनी पक्का करा. पाय बांबूला अडला की विषय संपला.

फेकण्याची दिशा भिंतीकडे, कधीही रांगेकडे किंवा वाटेकडे नको. जानेवारीत सकाळचं ऊन तिरपं आणि डोळ्यावर येणारं असतं, म्हणून खेळणाऱ्याचं तोंड पूर्वेला येणार नाही असं बघा. दोन स्टॉलमध्ये अडीच-तीन मीटर जागा सोडा. प्रत्येक स्टॉलवर सहावी-सातवीची दोन मुलं: एक तिकीट घेणारा, एक वस्तू गोळा करणारा. गोळा करणारा बाहेर येऊन हात वर करेल तेव्हाच पुढची फेक. हा एकच नियम कडक ठेवा. डोक्याला लागतं ते नेहमी कुणी खाली वाकलेलं असताना.

तिकिटं आणि बक्षिसं

मुलांच्या हाती पैसे देण्यापेक्षा प्रत्येकाला पाच तिकिटं द्या, जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे शाळेचा शिक्का मारून. हिशेब असा: १२० मुलं, पाच-पाच तिकिटं, ६०० खेळ, तीनात एक धरला तर २०० बक्षिसं. सरासरी ३ रुपयांचं एक धरलं तर ६०० रुपये. वर वीस-पंचवीस जास्तीची ठेवा, कारण तीनात एक हा अंदाज आहे आणि एखादा तास पोट्टे हात धुऊन मागे लागतात. पेन्सिल, खोडरबर, चिक्की, फुटाण्यांची पुडी, संत्रं हे चालतं. एकच मोठं बक्षीस ठेवू नका. ते गेलं की स्टॉलवर कुणी फिरकत नाही, आणि गेलं नाही तर सगळे तिथंच गर्दी करतात. पाचही वेळा हरलेल्याला कोपरा फाडलेली पाचही तिकिटं दाखवून एक चिक्की मिळेल, एवढी सोय असू द्या. त्यासाठी जिंकलेल्या तिकिटावर स्टॉलवरच्या मुलानं पेनानं फुली मारून ते परत द्यायचं, हरलेलं नुसता कोपरा फाडून परत.

आणि खऱ्या जत्रेत

मेळाव्यात खेळलेलं मूल मंडईत गेलं की आपोआप ठोकळ्याचा कर्ण बघू लागतं. तरी घरच्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. निघण्याआधी खेळाचे पैसे वेगळे काढून मुलाच्या हाती द्या, संपले की संपले. त्याच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. दुकानापुढं उभं राहून आधी दुसऱ्यांच्या दहा फेकी मोजायला सांगा. त्यात एकही जिंकली नाही तर खेळायचं नाही. पैसे देण्याआधी नियम विचारा: कडं ठोकळ्याला टेकलं की पुरे, की जमिनीला लागलं पाहिजे? डबे सगळे पडायचे की टेबलाखाली जायचे? जिंकल्यावर समोर लावलेली वस्तू मिळते की खालच्या खोक्यातली? बंदुकीच्या दुकानात मुलाला नेम धरणाऱ्याच्या मागं उभं करा, बाजूला नाही. आणि कड्याच्या दुकानावर एक कडं मागून हातानंच ठोकळ्यावर बसवून बघा. दुकानदारानं बघू दिलं नाही, किंवा ते घासत बसलं, तर पुढच्या दुकानाकडे चला.